कोलोनियाला निघण्याआधी: एलिट डेंजरसमधल्या लांबच्या सफरीतले धोके

एलिट डेंजरस या अंतराळयानं चालवायच्या संगणक-खेळात लांबच्या सफरीला निघालेला खेळाडू शत्रूच्या गोळीने क्वचितच मरतो. वस्तीपासून दोन-तीन हजार प्रकाशवर्षं पुढे गेलं की गोळी झाडायला कुणी उरतच नाही. तिथे जहाज गमावलं जातं ते सवयीमुळे. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी मारायची, तारा स्कॅन करायचा, इंधन भरायचं, पुन्हा उडी. तासाभरात हात आपोआप चालायला लागतो, नजर मोबाइलकडे वळते आणि नेमका पुढचा तारा वेगळा निघतो. ओळखीतली मुलं हा खेळ घेतात आणि महिना व्हायच्या आत विचारतात, "भाऊ, कोलोनियाला कसं जायचं?" कोलोनिया ही खेळातली एक दूरची वस्ती. या मुलांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगत आलो, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी अंतराचा अंदाज घ्या. 2014 च्या डिसेंबरात आलेल्या या खेळातली आकाशगंगा खऱ्या आकाशगंगेच्या मापाची आहे, सुमारे 400 अब्ज तारामंडळांची. आपल्या सूर्यापासून कोलोनिया साधारण 22,000 प्रकाशवर्षांवर, मध्यावरचं कृष्णविवर सॅजिटेरियस ए जवळपास 26,000 वर आणि पलीकडच्या काठावरचा बीगल पॉइंट 65,000 च्याही पुढे. तुमचं जहाज एका उडीत 50 प्रकाशवर्षं जात असेल तर कोलोनियापर्यंत कमीत कमी 440 उड्या होतात. मिनिटाला एक धरली तरी सात तासांवर वेळ जातो, तोही वाटेत काहीच न बघता. ही कोलोनिया वसलीसुद्धा एका फसलेल्या उडीमुळे. 2016 मध्ये जॅक्स नावाच्या बारवाल्याचं अख्खं स्टेशन बीगल पॉइंटला निघालं आणि अर्ध्या वाटेत अडकून पडलं. खेळाडूंनी ते शोधून काढलं, मदत पोचवली आणि त्याच्याभोवती वस्ती उभी राहिली. मला या खेळातली ही सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

जहाज फुटलं तर किमतीच्या 5 टक्के भरून विम्यात परत मिळतं. परत मिळत नाही तो न विकलेला डेटा. तुम्ही स्कॅन केलेला प्रत्येक तारा, नकाशा काढलेला प्रत्येक ग्रह, 2021 च्या ओडिसी विस्तारापासून गोळा करता येणारे सजीवांचे नमुने, सगळं एका क्षणात पुसलं जातं. 'पहिला शोध' म्हणून ताऱ्यावर लागणारं तुमचं नावही डेटा विकल्यावरच लागतं. म्हणून सफर जितकी लांबते तितकी पुढची प्रत्येक चूक महाग होत जाते. परतीच्या वाटेवर तर सगळ्यात महाग, आणि नेमकं तेव्हाच माणूस घाईला आलेला असतो.

इंधनाचं गणित पक्कं पाहिजे. फ्युएल स्कूपने ताऱ्याजवळून इंधन गोळा करता येतं, पण फक्त के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम या वर्गांच्या ताऱ्यांपासून. खेळाडू लक्षात राहावं म्हणून 'केजीबी फोम' म्हणतात. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान असलेल्यांना ही अक्षरं ओळखीची वाटतील. तापमानानुसार ताऱ्यांचे जे वर्ग आपण ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे शिकतो, तेच हे. एल, टी, वाय हे तपकिरी बटू, टी टॉरी, वुल्फ-रायेट, कार्बन तारे, श्वेत बटू, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं तुम्हाला थेंबभरही देत नाहीत. तपकिरी बटूंचे पट्टे फार फसवे असतात: एकामागून एक दहा-बारा तारे तसेच लागू शकतात. गॅलेक्सी मॅपमध्ये ताऱ्यांच्या वर्गाची चाळणी लावून ठेवा आणि मार्ग आखताना तीच चाळणी लागू करा. टाकी अर्धी झाली की भरा, "पुढे मिळेल" म्हणून सोडू नका. धडगावकडे सातपुड्यात गाडी घालणारा माणूस पंप दिसला की टाकी भरून घेतो, तसंच.

तरीही इंधन संपलंच तर जहाज फोडून मोकळं होऊ नका. फ्युएल रॅट्स नावाचा खेळाडूंचा गट 2015 पासून हेच काम करतो: अडकलेल्या जहाजापर्यंत इंधन पोचवायचं, तेही फुकट. तातडीच्या ऑक्सिजनचा काटा (उरलेल्या वेळेची उलटी गणती) सुरू झाला असेल तर लगेच मुख्य मेनूत बाहेर पडा आणि मग त्यांना हाक मारा. बाहेर असताना ऑक्सिजन संपत नाही. काटा सुरू नसेल तर आवश्यक नसलेले भाग बंद करून वाट बघा. इकडेतिकडे फिरून उरलेलं इंधन जाळू नका.

आता उष्णता. प्रत्येक उडीनंतर जहाज थेट मुख्य ताऱ्यासमोर बाहेर येतं. हायपरस्पेसमध्ये, म्हणजे उडी चालू असतानाच, थ्रॉटल (वेगाचा दांडा) शून्यावर आणायची सवय लावा. या सफरीतली एकच सवय सांगायची झाली तर मी हीच सांगेन. ताऱ्याच्या फार जवळ गेलात तर जहाज सुपरक्रूझमधून (तारामंडळाच्या आत फिरायच्या अतिवेगातून) झटक्याने बाहेर फेकलं जातं, तापतं, भाग खराब होतात. जोडताऱ्यांच्या प्रणालीत तर दुसरा तारा शेजारीच असू शकतो. शिरपूरच्या माझ्या मावसभावाचं असं झालं होतं. फोनवर नुसता घाबरलेला आवाज, "भाऊ, आते काय करू?" त्याला सांगितलं ते असं: आधी नाक ताऱ्यापासून वळव, मग हीट सिंक (उष्णता शोषून बाहेर टाकणारा भाग) सोड आणि लगेच ड्राइव्ह (उडी मारायचं यंत्र) चार्जला लाव. क्रम महत्त्वाचा आहे, कारण ड्राइव्ह चार्ज होतानाही उष्णता वाढते आणि हीट सिंक नसेल तर त्यातच जहाज भाजून निघतं. त्याचं जहाज वाचलं. हीट सिंक लाँचर लावल्याशिवाय लांब जाऊच नये, या मताचा मी तेव्हापासून आणखी पक्का झालो.

न्यूट्रॉन ताऱ्यांबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण कोलोनियाचा जवळचा रस्ता त्यांच्यावरूनच जातो. न्यूट्रॉन ताऱ्याच्या दोन्ही ध्रुवांतून निघणाऱ्या झोतात जहाज नेलं की फ्रेम शिफ्ट ड्राइव्ह भारित होते आणि पुढची एक उडी चौपट लांब पडते. 50 ची 200 होते. मोह होणारच. पण झोतात शिरताना ताऱ्यापासून जितकं लांब राहता येईल तितकं राहा, झोताच्या टोकाकडून आडवे जा, जहाज गदगदलं तरी नाक बाहेरच्या दिशेने धरून ठेवा आणि भारित झाल्याचा संदेश आला की निघा. झोतातच सुपरक्रूझ तुटली तर जहाज भिंगरीसारखं फिरतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. शिवाय दर वेळी ड्राइव्ह थोडी झिजते. म्हणून स्वयंदुरुस्तीचं यंत्र, ज्याला खेळाडू एएफएमयू म्हणतात, जवळ हवं. जमल्यास दोन हवीत, कारण एक यंत्र स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, दुसऱ्याला करू शकतं. दुरुस्ती चालू असताना तो भाग बंद पडतो, तेव्हा ड्राइव्हची दुरुस्ती सुपरक्रूझमधून बाहेर येऊन निवांत करा. जहाजाचं बाहेरचं कवच मात्र हे यंत्र भरून काढत नाही, त्यासाठी रिपेअर लिम्पेट (दुरुस्ती करणारे छोटे ड्रोन) वेगळे लागतात.

श्वेत बटूच्या वाटेला जाऊ नका. त्याचा झोत उडी फक्त दीडपट करतो आणि झोत ताऱ्याला इतका चिकटून असतो की बाहेर फेकले जाण्याची भीती कितीतरी जास्त. इतक्या कमी फायद्यासाठी एवढा धोका मला पटत नाही.

ग्रहावर उतरण्याआधी त्याचं गुरुत्वाकर्षण वाचा. पृथ्वीच्या दुप्पट-तिप्पट असेल तर जहाज दगडासारखं खाली येतं आणि थ्रस्टर वेळेत सावरत नाहीत. नाक समांतर ठेवून हळूहळू खाली या. वजन वाचवायला शील्ड (जहाजाभोवतीचं संरक्षक आवरण) काढून टाकणारे खूप आहेत. मी नवख्याला कधीच तसं सांगणार नाही. छोटी का होईना, शील्ड ठेवा. वजन कमी करायचं असेल तर बाकीचे भाग डी दर्जाचे घ्या, ते सगळ्यात हलके असतात. ड्राइव्ह आणि स्कूप मात्र ए दर्जाचेच.

आपल्याकडचा एक वेगळा धोका आहे. हा खेळ एकट्याने खेळतानाही सतत ऑनलाइन असावा लागतो, आणि खान्देशात वीज जाणं नवीन नाही. वीज गेली म्हणून जहाज फुटत नाही, परत आलात की ते त्याच तारामंडळात सापडतं. पण नेट डळमळीत असेल, पडदा अडखळत असेल, तेव्हा न्यूट्रॉनच्या झोतात किंवा जड ग्रहावर जाऊ नका. वायफायच्या राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या. आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या वर असतो तेव्हा दुपारी ग्राफिक्स कार्डही तापून धीमं होतं. त्या दिवसांत पहाटेचं खेळा. पहाटे डोकंही शांत असतं, त्याचा उपयोग कार्डपेक्षा जास्त होतो.

परतीचं अजून एक सांगायचं राहिलं. वस्तीजवळ आलात की लुटारू आणि विनाकारण जहाजं फोडणारे खेळाडू दोन्ही भेटतात. शेवटच्या हजार प्रकाशवर्षांआधी लॉगआउट करून 'सोलो'मध्ये परत या. आकाशगंगा तीच राहते, फक्त दुसरे खेळाडू भेटत नाहीत. लुटारूने अडवलंच तर झुंजू नका, थ्रॉटल शून्य करून शरण जा. मग ड्राइव्ह लवकर तयार होते आणि सरळ दुसऱ्या ताऱ्याकडे उडी मारता येते. वाटेत युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सची (डेटा विकत घेणाऱ्या केंद्राची) सोय असलेलं एखादं फ्लीट कॅरियर, म्हणजे खेळाडूचं फिरतं स्टेशन, दिसलं तर डेटा तिथेच विकून टाका, थोडे पैसे कमी मिळाले तरी.

पहिल्यांदा कोलोनिया नको. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो अंधुक तेजोमेघ हिवाळ्यात गच्चीवरून दिसतो, तो खेळातही आहे, सुमारे 1,300 प्रकाशवर्षांवर. साध्या जहाजाला जाऊन-येऊन शंभरेक उड्या लागतील. जाताना प्रत्येक उडीत थ्रॉटल शून्य करा, टाकी अर्ध्यावर आली की भरा, येताना सोलोत या आणि डेटा विका. विकल्यावर फोन करा, मग कोलोनियाचा मार्ग सोबत बसून आखू.