होम्सच्या नव्या कथांवर मत देताना या चुका टाळा

शेरलॉक होम्सवर आज कोणीही कथा लिहू शकतो. होम्सचा जनक कॉनन डॉईल याच्या लेखनाचा कॉपीराइट ब्रिटनमध्ये २००० सालाअखेर संपला आणि अमेरिकेत शेवटच्या कथाही १ जानेवारी २०२३ पासून मोकळ्या झाल्या. त्यामुळे नव्या होम्सकथा भराभर येताहेत आणि त्यांच्यावर वाचकांची मतंही तितक्याच जोरात पडताहेत. 'हा आमचा होम्स नव्हेच' किंवा 'अगदी डॉईलच', एवढंच बहुतेकांचं म्हणणं असतं. पुस्तक घ्यायचं की नाही, हे त्यातून कळत नाही.

पडद्यावरचा होम्स डोक्यात ठेवून वाचणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. नव्या पुस्तकात होम्स अशिलाशी नीट बोलला की लगेच तक्रार येते, 'होम्स इतका मवाळ कसा?' आता डॉईलची मूळ कथा 'स्पेकल्ड बँड' काढून बघा. हेलन स्टोनर ही अशील भल्या पहाटे येते तेव्हा ती थरथरत असते. होम्स आधी तिला शेकोटीजवळ बसवतो, गरम कॉफी मागवतो. थंडीनं नाही, भीतीनं कापतेय असं ती सांगते, तेव्हा तो तिच्या हातावर थोपटून धीर देतो. मग कुठे तिच्या हातमोज्यात खोचलेल्या रेल्वेच्या परतीच्या तिकिटाकडे वळतो.

'एलिमेंटरी, माय डियर वॉटसन' हे वाक्य डॉईलच्या एकाही कथेत सापडणार नाही. वाकडा पाइप नाटकात होम्स झालेल्या विल्यम जिलेटमुळे चिकटला, ती प्रसिद्ध टोपी सिडनी पॅजेटच्या चित्रांमुळे. नव्या लेखकानं हे सगळं गाळलं असेल तर ती उणीव धरू नका. बहुधा त्यानं मूळ कथा मन लावून वाचल्या आहेत. मूळ पसारा ४ कादंबऱ्या आणि ५६ कथांचा आहे. सगळं वाचणं जमत नसेल तर निदान १८९२ चा पहिला कथासंग्रह, १२ कथांचा, वाचून मगच मत द्या.

होम्स तपासणं आणि वॉटसनला विसरणं

माझ्या मते नवी होम्सकथा टिकते किंवा कोसळते ती होम्सच्या मित्रावर, वॉटसनवर. मूळ ६० पैकी ५६ कथा तोच सांगतो. तरी अभिप्रायांत त्याचं नावही नसतं, असलंच तर 'गमतीशीर साथीदार' म्हणून.

'साइन ऑफ फोर' या कादंबरीतला घड्याळाचा प्रसंग आठवा. वॉटसन होम्सची परीक्षा घ्यायला एक जुनं खिशातलं घड्याळ त्याच्या हातात ठेवतो. कडांना पोचे आहेत, म्हणजे मालक इतकं महागडं घड्याळ नाण्या-किल्ल्यांबरोबर एकाच खिशात ठेवणारा बेफिकीर माणूस. झाकणाच्या आत टाचणीनं कोरलेले चार बारीक आकडे आहेत. इंग्लंडमधले सावकार गहाण वस्तूवर असेच आकडे कोरत, म्हणजे माणूस वारंवार कफल्लक झाला आणि मधून मधून सावरला, नाहीतर घड्याळ सोडवलं कसं? चावीच्या भोकाभोवती ओरखडेच ओरखडे, म्हणजे चावी देणारा हात दारूनं थरथरत होता. घड्याळ वॉटसनच्या मेलेल्या थोरल्या भावाचं असतं. वॉटसन ताडकन उठतो, लंगडत येरझाऱ्या घालतो आणि तू आधीच चौकशी करून ठेवली होतीस, असा आरोप करतो. होम्स माफी मागतो. ही गोष्ट तुझ्या किती जिव्हारी लागेल हे मी विसरलो, असं कबूल करतो.

नवं पुस्तक वाचताना हाच प्रसंग शेजारी ठेवा. पुरावा आपल्यालाही दिसला का? त्या तर्कानं समोरच्या माणसाचं काही दुखलं का? पुष्कळ नव्या कथांत होम्स पाहुण्याच्या बुटावरचा चिखल बघून गावाचं नाव सांगतो, सगळे थक्क होतात आणि कथा पुढे जाते. त्या तर्काचा कोणावर काही परिणामच होत नाही. वॉटसनही नुसता 'कमाल आहे!' म्हणण्यापुरता उरतो. अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला लष्करी डॉक्टर आहे तो, मठ्ठ नाही. 'थ्री गॅरिडेब्ज' मध्ये त्याला गोळी लागते तेव्हा होम्सचे ओठ थरथरतात. ते वॉटसनच्या शब्दांत वाचल्यावर या दोघांच्या मैत्रीबद्दल आणखी काही सांगायला लागत नाही.

सगळ्या पुस्तकांना एकच फूटपट्टी

अँथनी हॉरोविट्झचं 'द हाऊस ऑफ सिल्क' (२०११) वॉटसनच्या आवाजात लिहिलंय, तिथे भाषा डॉईलशी ताडून बघणं रास्त आहे. लॉरी किंगच्या १९९४ च्या कादंबरीत मात्र ससेक्समध्ये मधमाश्या पाळणारा निवृत्त होम्स एका पंधरा वर्षांच्या मुलीला भेटतो आणि गोष्ट तीच सांगते. 'वॉटसन फारसा दिसत नाही' ही तिथे तक्रार होऊ शकत नाही. निकोलस मेयरनं १९७४ च्या कादंबरीत होम्सला कोकेन सोडवायला व्हिएन्नात मनोविश्लेषक फ्रॉइडकडे नेलं. मूळ कथेतला होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी उलटवायचा हाच त्याचा हेतू होता. राइकेनबाख धबधब्यात होम्स मेला असं सगळ्यांना वाटलं, त्यानंतरच्या अज्ञातवासातला तिबेट जामयांग नोर्बूनं आपल्या कादंबरीसाठी निवडला. तिबेटमध्ये दोन वर्षं फिरलो, असं होम्स मूळ कथेत स्वतःच सांगतो, त्यामुळे हा धागा मनचा नाही. आधी पुस्तक काय करू बघतंय ते ओळखा, मग ते जमलं का ते सांगा.

डॉईलच्या वारसांची मान्यता आहे म्हणून पुस्तक चांगलं, असंही धरू नका. तो शिक्का दर्जाचा नसतो.

तारखांच्या चुका

वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्यावर आहे, दुसरीत पायावर. त्याचं नाव जॉन, पण बायको एकदा त्याला जेम्स म्हणते. डॉईललाच हे सांभाळता आलं नाही, तेव्हा मूळ कथेशी बारीक विसंगती दिसली म्हणून पुस्तक फेकू नका. काळाची चूक मात्र सोडू नका. वॉटसन अफगाणिस्तानला जाताना मुंबईतच उतरला होता, त्यामुळे लेखकांना मुंबईचा मोह होणारच. कोणी १८९१ सालच्या होम्सला ताज हॉटेलात उतरवलं, तर ते हॉटेल १९०३ साली उघडलं हे अभिप्रायात लिहा. गेटवे ऑफ इंडिया तर १९२४ चा. असल्या चुका परदेशी वाचकाच्या नजरेतून सुटतात, आपल्या सुटायला नकोत.

'पुस्तक मध्येच रेंगाळतं' असं लिहिण्याआधी एवढं लक्षात घ्या की डॉईलच्या 'स्टडी इन स्कार्लेट' मध्येही होम्स बराच वेळ गायब असतो आणि गोष्ट अमेरिकेतल्या यूटामध्ये फिरत राहते. होम्सला लघुकथा जास्त मानवते. पहिल्यांदाच नवी होम्सकथा वाचणाऱ्याला म्हणून कथासंग्रह सुचवा, चारशे पानी कादंबरी नको. आणि मत लिहिताना मूळ कथा किती वाचल्या आहेत ते पहिल्याच ओळीत सांगा. खुनी कोण ते शेवटच्या ओळीतही सांगू नका.