लेदरकाम सुरू करताय? मशीन नंतर, आधी रापी

"कुठलं मशीन घेऊ?" हा प्रश्न मला ओळखीतल्या पोरांकडून महिन्यातून दोनदा तरी येतो आणि मी उलट विचारतो की बाबा, रापीला, म्हणजे चामडं कापायच्या-सोलायच्या पात्याला, धार लावता येते का तुला, की मग समोरचा गप्प. राग येतो लोकांना, पण मी स्वतः हाच गाढवपणा केलाय म्हणून सांगतोय.

सुरुवातीला मी पन्नास पीसचा सेट ऑनलाइन मागवला होता. त्यातलं आज वापरात काय उरलंय तर एक एज बेव्हलर (कडेचा कोपरा छाटायचं हत्यार), तोही परत घासून घेतलेला, आणि सुयांची डबी. बाकी ते स्टॅम्प, तो गोल फिरणारा पंच जो निम्मं भोक कापतो आणि निम्मं फाडतो, सगळं माळ्यावर पडलंय. खरं लागतं ते एवढंच: एक चांगली रापी, स्टीलची पट्टी, शिवणीची भोकं पाडायला ४ मिमी अंतराचं दोन दाती आणि सहा दाती चिझल, एक आरी (टोच्या), बोथट टोकाच्या दोन सुया, ०.८ मिमीचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा, आणि शाळेच्या कंपासपेटीतला कर्कटक ज्यानं कडेला समांतर रेघ मारता येते. ठोकायला ग्रॅनाइटचा तुकडा. किचन ओटे बसवणारे सिंकचं भोक कापतात ना, तो मधला तुकडा मागा, बहुतेक वेळा फुकट मिळतो. मात्र चिझल ग्रॅनाइटवर थेट ठोकू नका, वर भाजी कापायचा प्लास्टिकचा जाड बोर्ड ठेवा, आणि ग्रॅनाइटच्या खाली जुनी चटई दुमडून घाला नाहीतर रात्री दहाला खालचे काका वर येतात. आमच्याकडं आलेत.

आता रापी. कोल्हापुरात राहून रापी ऑनलाइन मागवायची म्हणजे पन्हाळ्यावर जाऊन बाटलीबंद हवा विकत घेण्यासारखं आहे. सुभाषनगर, जवाहरनगर भागात चपला करणारी घरं आहेत, तिथं कुणाला तरी नीट विचारा, वेळ बघून जा, कामाच्या गडबडीत जाऊ नका. दुसरा रस्ता उद्यमनगरचा. तिथल्या वर्कशॉपमध्ये पॉवर हॅक्सॉची तुटकी पाती पडलेली असतात, त्यातलं एचएसएसचं (हाय स्पीड स्टील) पातं घेऊन ग्राइंडरवर घासलं की झकास रापी होते. एचएसएस असेल तर घासताना तापलं तरी फार बिघडत नाही, साधं कार्बन स्टील असेल तर मात्र सारखं पाण्यात बुडवत घासा, कारण ते निळं पडलं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला, मग कितीही धार लावा टिकत नाही.

मी माझी रापी घेऊन पहिल्यांदा एका मामांकडं गेलो, चाळीसेक वर्षं कापशी चपला करत आलेले. त्यांनी रापी हातात घेतली, काही बोलले नाहीत, डाव्या अंगठ्याच्या नखावर पातं तिरकं टेकवलं आणि हलकं सरकवलं. सुळ्ळकन घसरलं. "हे बघ. घसरली की बोथट. नखात रुतली की धार हाय. ही लोणी लावायला बरी हाय." मग त्यांची स्वतःची दाखवली, तीच नखाला टेकवली आणि टेकवल्या जागी थांबली. कागद कापून बघणं, हातावरचे केस काढणं वगैरे सगळं सोडा, ही नखाची टेस्ट पाच सेकंदांची आहे आणि खोटं बोलत नाही. फक्त दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं.

धार लावायला महागडे दगड नकोत. काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर पाणी लावून चिकटवा, ४०० नंबर, मग १०००, मग २०००. पात्याचा कोन एकदा धरला की बदलायचा नाही, सगळी गंमत तिथंच आहे. घासत गेलात की उलट्या बाजूला बोट आडवं फिरवल्यावर खरखर लागते, ती सगळ्या धारेला सारखी आली की बाजू बदला. शेवटी लाकडाच्या पट्टीवर चामडं चिकटवून त्यावर हिरवं पॉलिशिंग कंपाउंड चोळा आणि पातं मागच्या दिशेनं, म्हणजे धार मागं राहील असं, वीसेक वेळा ओढा. पुढं ढकललंत तर चिकटवलेलं चामडंच कापाल. आणि हे महिन्यातून एकदा करायचं काम नाही, चामडं सोलत असताना मी दर दहा मिनिटांनी चार हात मारतो.

सोलणं म्हणजे कडा पातळ करणं, ज्याला सगळे स्कायव्हिंग म्हणतात. चामड्याची गुळगुळीत बाजू खाली, खरखरीत वर, ग्रॅनाइटवर ठेवून डाव्या हातानं ताणून धरा आणि रापी जवळजवळ आडवी ठेवून सरकवा. जाडी २ मिमी असेल तर कडेच्या १०-१२ मिमीच्या पट्ट्यात उतरत उतरत १ मिमीपर्यंत आणायची, मग दुमड बसते. भोक पडलं तर समजा एक तर धार नाही किंवा तुम्ही घाई केलीत, माझ्याबाबतीत दोन्ही.

चामड्याबद्दल थोडक्यात. आपल्या चपलेचं चामडं झाडपाल्यावर कमावलेलं असतं, चुन्यात केस काढून मग बाभळीची साल आणि हिरडा, आणि पारंपरिक चपलेला खिळा नाही, शिवणही चामड्याच्या वादीची. हेच ते व्हेज टॅन. दुसरं क्रोम टॅन, क्रोमियमच्या क्षारांवर कमावलेलं, मऊ, बॅगा-जॅकेटचं. दुकानात ओळखायचं कसं तर कापलेली कड बघा, क्रोमची आतून बऱ्याचदा निळसर करडी दिसते, आणि कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका, फिनिश न मारलेलं व्हेज टॅन तो शोषून तिथं गडद होतं. नवशिक्यानं व्हेज टॅनच घ्यावं, ते ठोकून घेतं, आकार धरतं, कडेला चमक येते. कार्डहोल्डरला १ ते १.२ मिमी, पट्ट्याला ३ ते ४. कार्ड ८५.६ बाय ५४ मिमी असतं, म्हणून खिशाची रुंदी बाहेरून बाहेर ९८-१०० ठेवा. मी पहिल्यांदा ९२ ठेवलेली, दोन्हीकडं ४-४ शिवणीला गेले, उरले ८४. कार्ड आत जाईना, ते पाकीट अजून ड्रॉवरमध्ये आहे, त्यात बसचं तिकीट बसतं फक्त.

हाताची शिवण, म्हणजे सॅडल स्टिच. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोरा शिवणीच्या चौपट लांब घ्या, जाड माल असेल तर थोडा जास्तच. कडेपासून ३-४ मिमीवर कर्कटकानं रेघ, त्यावर चिझल ठोकत जायचं, मागच्या भोकात पहिला दात अडकवून पुढचे ठोकायचे म्हणजे अंतर चुकत नाही. चिझल उभं पाहिजे, तिरकं गेलं की पुढून शिवण सरळ आणि मागून दारू प्यायल्यासारखी. प्रत्येक भोकात आधी डावी सुई, मग त्याच भोकातून उजवी, आणि हा क्रम शेवटपर्यंत तोच. दुसरी सुई घालताना पहिला दोरा थोडा मागं ओढून धरा, नाहीतर सुई दोऱ्यातूनच आरपार जाते आणि टाका घट्ट होत नाही. शेवटी दोन-तीन टाके मागं या, कापा, लायटरनं टोक वितळवून दाबा. चामडं धरायला सुताराकडून लाकडी चिमटा करून घ्या, गुडघ्यात धरायचा, किंवा सुरुवातीला दोन फळ्या मांडीत दाबल्या तरी भागतं.

मशीनपेक्षा ही शिवण पक्की का, तर इथं दोन्ही दोरे प्रत्येक भोकातून आरपार गेलेले असतात, एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. मशीनचा टाका म्हणजे वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा मध्यात एकमेकांत अडकवलेले, एक कापला की उसवत जायची सोय. म्हणजे मशीन वाईट असं नाही, वीस पिशव्या हातानं शिवून बघा, मग मशीनची किंमत कळते. फक्त कुठलं ते काय शिवणार यावर ठरतं.

घरचं काळं पायमशीन आत्याकडं असेल तर तेवढ्यावर सुरुवात होते, पण मऊ क्रोमचे दोन थर, मिळून २ मिमीच्या आसपास, त्यापुढं नाही. मी हौसेनं त्यावर पट्ट्याचं चामडं घातलं, सुई वाकून तुटली, सुई-बॉबिनचं टायमिंग गेलं, आत्यानं आठ दिवस अबोला धरला आणि रिपेअरचे पैसे मीच दिले. सुई लेदर पॉइंटचीच लावा, ती चामडं कापून भोक करते, कापडाची सुई नुसती ढकलते. टाक्याची लांबी ३.५-४ मिमी ठेवा, बारीक टाका घातलात की चामड्याला पोस्टाच्या तिकिटासारखी छिद्रं पडतात आणि तिथंच फाटतं. टाचण्या नाहीत, क्लिपा किंवा पातळ डबलटेप. उसवून परत शिवायची सोय नाही, पडलेलं भोक कायमचं. आणि जाड जागी मोटर किंवा पाय विसरा, हातानं चाक फिरवा.

गारमेंटवाल्यांकडचं सपाट इंडस्ट्रियल मशीन सेकंडहँड भरपूर मिळतं आणि सगळे त्यालाच भुलतात. ताकद असते, पण कापड सरकवणारे दाते फक्त खाली, त्यामुळं खालचा थर पुढं जातो, वरचा मागं राहतो, लांब शिवणीत शेवटी टोकं जुळत नाहीत आणि खालून दातांचे वळ उठतात. बॅगा करायच्या असतील तर वॉकिंग फूट, म्हणजे वरचा पायही माल पुढं सरकवतो असं मशीन, त्यातही सुई, आतला पाय आणि दाते तिन्ही मिळून माल ओढतात ते कंपाउंड फीड. जुकीचं १५४१ या जातीचं, जुनी सिंगर १११ डब्ल्यू १५५ पण त्याच वळणाची. गल्लीतल्या चांभाराकडं जे लांब हाताचं असतं, ज्याचा पाय गोल कुठल्याही दिशेला फिरतो, ते पॅचर, सिंगर २९के त्यातलं जुनं नाव. दुरुस्तीला राजा आहे, बुटाच्या आत पोहोचतं, पण बॉबिन बारीक आणि सरळ लांब शिवण त्यावर तितकी देखणी येत नाही, म्हणून "एकच मशीन घेतो, पॅचर घेतो" असं करू नका. पट्टे, घोड्याचं सामान, १० मिमीच्या वरचं काही करायचं असेल तर जुकी ४४१ च्या घराण्यातलं सिलिंडर आर्म लागतं, हौसेला ते फार झालं.

घेताना मोटर बघा. क्लच मोटर असेल तर ती पाय ठेवल्या ठेवल्या पळते, नवशिक्याचं बोट आणि सुई जवळ असतात हे विसरू नका. सर्व्हो मोटर लावून घ्या, एक एक टाका घेता येतो, नुसती उभी असताना घरघरही नाही. मोटरची पुली जितकी लहान तितका वेग कमी आणि जोर जास्त. सोबत स्वतःचं चामडं न्या, स्वतःचा दोरा न्या, दुकानदार कापडाच्या दोन थरांवर शिवून दाखवतो त्याला काही अर्थ नाही. सुईचं सांगायचं तर घरच्या मशीनची वरून एका बाजूनं चपटी असते, इंडस्ट्रियलची गोल, वॉकिंग फूटला १३५×१६ जातीची लेदरसाठी आणि १३५×१७ कापडासाठी. बाँडेड नायलॉन दोरा टेक्स ७० (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) असेल तर त्याला ११० नंबरची सुई, टेक्स १३५ ला १४० किंवा १६०. टेन्शनचं साधं गणित: खालून गाठी दिसतात तर वरचं घट्ट करा, वरून दिसतात तर सैल, गाठ चामड्याच्या पोटात लपली पाहिजे. मात्र पातळ मालात गाठ लपायला जागाच नसते, तिथं उगाच स्क्रू फिरवत बसू नका, दोरा बारीक घ्या.

कडेला चमक आणायला परदेशी व्हिडिओत ट्रॅगाकंथ सांगतात, तो म्हणजे आपला गोंद कतिराच. काष्ठौषधीच्या दुकानातून आणा, चमचाभर रात्रभर भिजत घाला, फुगून जेली होते, तीच लावायची. कड आधी बेव्हल करून ६०० च्या पॉलिश पेपरनं घासा, जेली लावा, मांजरपाटाच्या तुकड्यानं गरम होईपर्यंत जोरात चोळा. क्रोमवर हे होत नाही, तिथं एज पेंट.

ओल्या व्हेज टॅनवर लोखंडाची पट्टी, चिझल ठेवून चहाला जाऊ नका. चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून निळे-काळे डाग पडतात, लिंबू चोळलं की फिके होतात पण वेळेत चोळलं तर. हाच डाग मुद्दाम पाडला की झाला काळा रंग: व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस आठवडाभर भिजवा, झाकण सैल ठेवा कारण त्यात गॅस होतो, गाळा आणि लावा, चामडं डोळ्यांदेखत काळं पडतं.

आणि आपला पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चामडं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलंत तर गणपतीला पांढरी बुरशी निघणार. जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळा, भिंतीला लावून नाही, फळीवर, आणि दर पंधरा दिवसांनी उलगडून पंख्याखाली टाका. बुरशी आलीच तर कोरड्या कापडानं गॅलरीत पुसा, घरात झटकू नका. रापीला आणि मशीनच्या सुईपट्टीला तेलाचा हात फिरवून ठेवा, पण शिवायच्या आधी चिंधीवर दहा-वीस टाके मारून तेल उतरवा, नाहीतर पहिल्याच पाकिटावर डाग.