डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या मनात मरणाचे विचार येत असतील तर घरच्यांनी काय करायचं

ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट घरी आला की आपण सोलापूरकर सिद्धेश्वराला हात जोडतो आणि म्हणतो सुटलो बाबा. पण लक्ष ठेवायचा काळ तिथून पुढं असतो. डेन्मार्कमध्ये 1980 ते 2014 मधल्या सुमारे 74 लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, 2018 ला ते छापून आलं, डोक्याला मार लागून दवाखान्यात गेलेल्यांत आत्महत्येचं प्रमाण बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट निघालं आणि सगळ्यात जास्त धोका दवाखान्यातनं सुटल्यावर पहिल्या सहा महिन्यांत. बहुतेकांच्या बाबतीत असं काही होत नाही हे पण तितकंच खरं, म्हणून घाबरू नका, फक्त डोळे उघडे ठेवा.

कपाळामागचा मेंदू राग आणि अविचाराला लगाम घालतो, तिथं मार बसला की लगाम ढिला पडतो, त्यात डिप्रेशन, डोकेदुखी, झोप नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वर्षानुवर्षं यंत्रमागावर उभा राहिलेला माणूस परत कामावर जातो आणि त्याला तोच खडखडाट सोसत नाही, कांडीवरचं सूत संपलेलं कळत नाही, मालक म्हणतो घरी बस. बाहेरनं तर तो धडधाकट दिसतो, मग घरचेच म्हणतात नाटकं करतोय. हे कृपा करून बोलू नका, त्याच्या जिवाला लागतंय ते.

"तुमच्यावर ओझं झालोय", "मी नसलेलाच बरा", असं बोलणं, माणसांत न येणं, अचानक पैशाची नाहीतर वस्तूंची वाटणी, दारू वाढणं, यातलं काही दिसलं की एकट्यात बसून सरळ विचारा: "दादा, जीव द्यावा असं मनात येतं का रे?" विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलता आल्यानं माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर रडारड नको, शपथा घालू नका, ऐकून घ्या. मग विचारा, काही ठरवलंय का. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, लगेच दवाखान्यात न्यायचं, गरज पडली तर 108 किंवा 112 लावायचा.

शेतातली औषधं घरात नकोत, गोळ्या कुलपात आणि रोजच्या रोज हातात द्या. दारू बंद. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या गोळ्यांनी, म्हणजे लेव्हेटिरासिटॅम वगैरे, काहींची चिडचिड आणि उदासी वाढते, तसं वाटलं तर डॉक्टरला लगेच सांगा पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, एकदम सोडली तर फिट येऊ शकते.

सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार ओपीडी आहे, तिथं जाताना डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सगळं न्या, आधी कधी डोक्याला मार लागला होता का तेही सांगा, कारण वारंवार मार लागलेल्यांना धोका जास्त असतो. आणि पेशंट आत एकटा गेला तर तो "बरंय" म्हणून उठून येईल, म्हणून घरातलं कोणीतरी सोबत बसा आणि वागणं कधीपासून बदललं ते तुम्ही सांगा. पोलीस केसच्या भीतीनं पण लोक लपवतात, पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसावर तीव्र ताण होता असं धरतात आणि त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे असं आहे.

रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416, फुकट आहे, 24 तास, मराठीत बोलता येतं, आणि पेशंटला सांभाळून थकलेल्या बायकोनं, आईनं पण बिनधास्त लावावा.