रिसेप्शनला खेळ ठेवताय? मग या चुका टाळा

तुळशीची लग्नं लागली की माझा फोन वाजायला लागतो. पुणे-सातारा भागातल्या लग्नांत संध्याकाळच्या रिसेप्शनला मी पाहुण्यांचे खेळ घेते, आणि फोनवरचं पहिलं वाक्य हल्ली ठरलेलं असतं : "ताई, रीलमध्ये एक मस्त गेम पाहिलाय, तोच ठेवायचाय." मी उलटा प्रश्न करते. पाहुणे जेवणार किती वाजता? पलीकडे शांतता पसरते. गेम ठरलाय, बक्षिसं आलीत, नवरीचा गाऊन शिवून झालाय, पण माणसं जेवणार कधी याचा विचार कोणीच केलेला नसतो. दरवर्षी नव्या हॉलमध्ये, नव्या माणसांकडून त्याच चुका होताना बघून मी खरंच थकले आहे, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

नवरा-नवरी मोकळे नसताना त्यांचा खेळ ठेवणं

साधा हिशोब करा. 300 पाहुणे धरले तर चौघांचं एक, अशी 75 कुटुंबं झाली. स्टेजवर चढायचं, पाकीट द्यायचं, आजीला धरून वर आणायचं, फोटो काढायचा आणि उतरायचं, याला कुटुंबामागे एक मिनिट तरी जातंच. म्हणजे सव्वा तास नवरा-नवरी जागचे हलू शकत नाहीत. अशा वेळी मध्येच रांग थांबवून "आता आपण एक धमाल गेम खेळूया" असं कोणी माइकवरून ओरडलं की रांगेतली माणसं मनातून चिडतात. त्यातल्या निम्म्यांना परत कराड नाहीतर कोल्हापूर गाठायचं असतं.

दुसरं टोक म्हणजे सगळे खेळ शेवटी ठेवणं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत आणि रात्री 10 नंतर उघड्या लॉनवर किंवा आवाज बाहेर जाईल अशा हॉलमध्ये लाउडस्पीकर बंद करावा लागतो. हॉलचा मॅनेजर पावणेदहालाच येऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबर असतं. साडेनऊला सुरू केलेला खेळ कधीच पूर्ण होत नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. साडेसात ते सव्वाआठ, रांग चालू असताना, खाली बसलेल्यांचे खेळ घ्यायचे, ज्यात नवरा-नवरी लागतच नाहीत. सव्वाआठ ते नऊ काहीही नाही, फक्त हळू आवाजात सनई. लोकांना जेवू द्या, एकमेकांशी बोलू द्या. वर्षानुवर्षांनी भेटलेली माणसं असतात. नऊला रांग संपली की जोडप्याचा एकच खेळ, पंधरा मिनिटांचा. बस. "एवढंच?" असं मला नेहमी विचारतात. हो, एवढंच. तीन तासांत सात खेळ बसवणाऱ्यांची रिसेप्शन्स मी पाहिली आहेत. तिथे खेळणारी तीच आठ पोरं असतात आणि बाकीचा हॉल मोबाइलमध्ये मान घालून बसलेला असतो.

हौजीच्या तिकिटांची झेरॉक्स

ही चूक माझ्या डोक्यात जाते, कारण दोन-तीनशे रुपये आणि एक फेरी वाचवण्यापायी अख्खी संध्याकाळ जाते.

एका लग्नाला मी पाहुणी म्हणून गेले होते. हौजीचं काम नवऱ्या मुलाच्या आतेभावाने अंगावर घेतलेलं. त्याने नेटवरून तिकिटांचं एक पान उतरवलं, त्यावर सहा तिकिटं होती. त्या पानाच्या 40 झेरॉक्स काढल्या, कापल्या आणि 240 जणांना वाटल्या. बघायला गठ्ठा भरगच्च, पण हॉलमध्ये वेगळी तिकिटं फक्त सहा! प्रत्येक तिकिटाचे 40 मालक.

पहिल्या पाच आकड्यांचं बक्षीस लागलं तेव्हा एकदम चाळीसभर माणसं हात वर करून उभी राहिली. आधी सगळे हसले. मग सूत्रसंचालकाने "ज्यांचा हात मला आधी दिसला त्यांना" म्हणत पुढच्या टेबलावरच्या एकाला बक्षीस देऊन टाकलं. पुढची टेबलं होती वरपक्षाची. मागून आवाज यायला लागले. तिथे थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत.

फुल हाउसची तर वेगळीच गंमत झाली. हौजीच्या तिकिटावर 1 ते 90 मधले 15 आकडे असतात, प्रत्येक ओळीत 5. दोनशे-सव्वादोनशे वेगवेगळी तिकिटं असली तर साधारण पासष्टाव्या आकड्याच्या आसपास कुणाचं तरी तिकीट भरतं. इथे तिकिटंच सहा, त्यामुळे ते लांबत लांबत ऐंशीच्या घरात गेलं. तोवर पुऱ्या गार झाल्या होत्या आणि लहान मुलं खुर्च्यांवर झोपली होती. मग पुन्हा एकदम चाळीस जण उभे. बक्षीस होता एक मिक्सर. नवरीचे काका आणि नवऱ्याचे मामा यांच्यात जे शब्द झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. शेवटी नवरीच्या वडिलांनी माइक हातात घेऊन सगळ्या हॉलची माफी मागितली. मुलीच्या बापाने, मुलीच्या रिसेप्शनला, एका झेरॉक्सपायी. मला तो प्रसंग आजही सहन होत नाही.

म्हणून हौजी ठेवायचीच असेल तर स्टेशनरीच्या दुकानातून छापील तिकिटांची पुस्तकं आणा. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा. घरी छापायचीच असतील तर प्रत्येक तिकीट वेगळं काढून देणारा प्रोग्राम वापरा आणि तिकिटावर क्रमांक घाला. वाटण्याआधी मी गठ्ठ्यातून कुठलीही दहा तिकिटं ओढून टेबलावर शेजारी शेजारी मांडते. दोन सारखी दिसली की पूर्ण गठ्ठा बाद.

बक्षिसं तीनच ठेवा : पहिले पाच, कुठलीही एक ओळ आणि फुल हाउस. चार कोपरे, वरची ओळ, मधली, खालची, दुसरं फुल हाउस हे सगळं भिशीला किंवा सोसायटीच्या कोजागरीला ठीक आहे. लग्नात वीस-पंचवीस मिनिटांच्या वर हौजी गेली की लोक कंटाळतात. एका आकड्यावर दोघांचं लागू शकतं, म्हणून प्रत्येक बक्षीस जोडीने आणून ठेवायचं. आणि आकडा दोनदा सांगायचा : "त्रेसष्ट, सहा-तीन." इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पोरांचा त्रेसष्ट आणि सदुसष्टमध्ये हमखास गोंधळ होतो, एकोणसाठ म्हटलं की ती सरळ शेजारच्या काकांच्या तिकिटात डोकावतात. मोबाइलवरच्या ॲपने आकडे काढू नका. ऐन वेळी केटररचा फोन येतो आणि पुढचा आकडा जागच्या जागी राहतो. कापडी पिशवीतल्या सोंगट्या काढल्या की लोकांना दिसतं, विश्वास बसतो. आणि तिकिटाचे पैसे पाहुण्यांकडून घेऊ नका. आपण बोलावलंय त्यांना.

माइक घेऊन उखाण्यासाठी मागे लागणं

ही तिसरी चूक, आणि हिच्याबद्दल मी जास्त कडक आहे.

उखाणा हा आपल्याकडचा रिसेप्शनसाठी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात रंगणारा प्रकार. सामान लागत नाही, जागा लागत नाही. पण हल्ली सूत्रसंचालक माइक घेऊन टेबलाटेबलावर फिरतात आणि दिसेल त्या बाईच्या तोंडासमोर तो धरतात. "काकू, लाजायचं नाही हं, काकांचं नाव घ्यायचं!" एका रिसेप्शनला असाच एक हौशी मुलगा फिरत होता. ज्या बाईंसमोर तो थांबला त्यांचे यजमान वर्षभरापूर्वी गेलेले. त्या टेबलावरच्या सगळ्यांना माहीत, त्याला माहीत नाही. बाई गप्प राहिल्या तर त्याला वाटलं लाजताहेत, म्हणून त्याने सगळ्या हॉलला टाळ्या वाजवायला सांगितलं. टाळ्या सुरू झाल्या. शेजारच्या वहिनींनी त्याच्या हातातून माइक जवळजवळ हिसकावला आणि घाईघाईने स्वतःचा उखाणा घेतला. थोड्या वेळाने मी पाहिलं, बाईंची खुर्ची रिकामी होती. न जेवता गेल्या होत्या.

त्या मुलाच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण ज्याला घरातली माणसं माहीत नाहीत त्याने माणसांसमोर माइक धरायचा नसतो, एवढं साधं आहे. नवरा गेलेली, लग्न न केलेली, वेगळी झालेली, नवऱ्याशी पटत नसलेली, अशा बायका प्रत्येक लग्नात असतात आणि त्याही नटूनथटून, आनंदाने आलेल्या असतात. "हा खेळ फक्त सुवासिनींसाठी" ही घोषणा तर मी ज्या कार्यक्रमात असते तिथे होऊच देत नाही.

मी काय करते? माइक स्टँडवर लावते, हॉलच्या मधोमध. ज्याला यायचं तो येईल. दुपारीच दोन्ही घरांतल्या एकेका जाणत्या बाईला गाठून कोण हौसेने म्हणेल त्यांची नावं घेते, चार-पाच पुरतात. पहिली दोन झाली की बाकीचे आपणहून उठतात. आणि मी "नाव घ्या" म्हणत नाही. "या दोघांसाठी दोन ओळी म्हणा" म्हणते. मग आजीही उठते, कॉलेजातला चुलतभाऊही उठतो, आत्याही उठते, कुणाचंच काही अडत नाही. पुरुषांना वगळू नका. एखादे रिटायर्ड काका बायकोचं नाव घेतात तेव्हा जी शिट्टी पडते ती डीजेला मिळत नाही.

नवरीला ऐन वेळी पकडलं की ती मोबाइल उघडून नेटवरचा उखाणा वाचते आणि मजा जाते. तिला दोन दिवस आधी सांगा, तिथल्या तिथलं काहीतरी जुळवायला लावा. एका मुलीने केलेला असा होता :

आहेराच्या रांगेत दुखले माझे पाय,
…रावांचं नाव घेते, आता जेवायला जाऊ की नाय?

अख्खा हॉल उभा राहिला, कारण रांगेत सगळ्यांचेच पाय दुखत होते.

पाठीला पाठ लावून चपलांचा खेळ

नवरा-नवरी पाठमोरे बसतात, दोघांच्याही हातात एक स्वतःची आणि एक दुसऱ्याची चप्पल, आणि प्रश्नाचं उत्तर जो असेल त्याची चप्पल वर करायची. खेळ चांगला आहे, पण शालू नेसून, गळ्यात हार घालून चप्पल उंचावलेली आपल्याकडच्या आजी-आजोबांना आवडत नाही, आणि त्यांच्यासमोर हट्टाने करायची काही गरजही नाही. "तो" आणि "ती" लिहिलेल्या दोन-दोन पाट्या दोघांना द्या, काम होतं. खरी गडबड प्रश्नांत असते. नेटवरचे प्रश्न जसेच्या तसे उचलतात आणि आजेसासऱ्यांसमोर पहिल्या चुंबनाचा विषय निघतो. प्रश्न घरचे हवेत. कांदेपोह्यांच्या दिवशी जास्त कोण घाबरलं होतं? भांडण झाल्यावर पहिला मेसेज कुणाचा? पंधरा पुरेत, आणि ते आधी नवरीला दाखवा. नवरीला, तिच्या मैत्रिणींना नाही.

सुपारी आणि अंगठी

हे खरं तर घरात, वरात आल्यानंतर, दहा-बारा जणांच्या कोंडाळ्यात खेळायचे खेळ. परातीत हात घालून अंगठी शोधताना स्टेजखालच्या 300 माणसांना फक्त दोन वाकलेल्या पाठी दिसतात. स्टेजवर हवीच असेल तर सुपारी घ्या. नवरीच्या मुठीतली सुपारी नवऱ्याने एका हाताने सोडवायची, त्याच्या मुठीतली तिने दोन्ही हातांनी. पण तिच्या हातात काचेचा हिरवा चुडा असतो हे उत्साहात सगळे विसरतात. झटापटीत काच फुटते, मनगटात जाते, आणि चुडा वाढवला गेला म्हणून घरातल्या बायकांच्या जिवाला लागतं ते वेगळंच. मी बांगड्या कोपराकडे सारून वर मऊ रुमाल बांधते. मगच सुपारी देते. अंगठी घरी खेळताना सोन्याची टाकू नका, परातीतलं पाणी कोणीतरी हमखास बेसिनमध्ये ओततं.

बाकीच्या, पटकन

संगीत खुर्ची : नऊवारी, गुळगुळीत फरशी आणि हलक्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. नको.

जोडप्यांनी अंगाला अंग लावून फुगे फोडणं : बघणारे खाली बघतात. नको.

माइक कोकलतो तेव्हा आवाज वाढवू नका, स्पीकरच्या समोरून बाजूला व्हा. पाहुणे यायच्या आधी एकदा मागच्या रांगेत बसून ऐका.

मुलांना "जा, तिकडे खेळा" म्हटलं की ती चाटच्या गरम तव्याकडे जातात. त्यांना चिठ्ठ्या द्या : जांभळी पैठणी नेसलेल्या आजींना त्यांचं माहेर विचारून या, फेटा बांधलेल्या तीन जणांची गावं लिहून आणा. पोरं दोन्ही बाजूंच्या माणसांत मिसळतात, आजी खूश, आईबाप निवांत जेवतात. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची एक ताई किंवा दादा हवाच.

आणि काहीच जमत नसेल, पैसे नसतील, वेळ नसेल, तर गाण्यांच्या भेंड्या लावा. वरपक्ष विरुद्ध वधूपक्ष करू नका, चिठ्ठ्या टाकून टेबलं वाटा, नाहीतर खेळाचा मानापमान होतो. माइक दोन लागतात, एक इकडे, एक तिकडे. एकच असला की तो पोचेपर्यंत गाणं विसरलेलं असतं. आणि सुरू करायच्या आधीच जाहीर करा की "ण" आला तर "न"वरून आणि "ळ" आला तर "ल"वरून म्हणायचं. मराठी गाणं फिरून फिरून या दोन अक्षरांवर येऊन थांबतं, आणि त्यांच्यापासून सुरू होणारं गाणं कोणाकडेच नसतं.