जुन्या फोटोतली डिस्पोजलची लॉरी कशी ओळखावी

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या डिस्पोजलच्या विक्रीतून व्यापाऱ्यांच्या हाती आल्या. सोलापूरकरांच्या जुन्या अल्बममध्ये अशी गाडी शोधायची तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वरच्या जत्रेच्या) गर्दीमागे, गिरणीच्या फाटकाशी, कापसाच्या गाठींखाली नजर टाका. तिच्या हौद्यावरून, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागावरून, मात्र काही ठरवू नका. तो नंतर सुताराने बांधलेला असतो. तोंड, पुढची काच आणि चाकं पाहा.

आधी फोटो नीट स्कॅन करा: छोट्या कॉन्टॅक्ट प्रिंटला (निगेटिव्हएवढ्याच आकाराच्या फोटोला) १२०० डीपीआय, पोस्टकार्डाएवढ्याला ६००. मग दुकानाची पाटी वाचा. अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलट बाजूने छापली गेली आहे, आणि स्टेअरिंग कुठल्या बाजूला याचा सगळा हिशेब चुकेल.

सर्वात ओळखू येणारी गाडी म्हणजे कॅनडात फोर्ड आणि शेवरोलेने बांधलेली सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) लॉरी. नाक बसकं, इंजिन जवळजवळ केबिनमध्येच. १९४२ च्या सुमारास आलेल्या केबिनमध्ये पुढच्या काचेची वरची कड पुढे आणि खालची मागे असते. विमानातून काच चमकताना दिसू नये म्हणून हा उलटा उतार. नागरी लॉरीत ही ठेवण सापडणार नाही. समोर चौकटींची जाळी. चाकाच्या रिमला, मधल्या नटांशिवाय, कडेने नटांचं आणखी एक कडं दिसतं, कारण रिम दोन तुकड्यांची. मागचे टायरही पुढच्यासारखेच, एकेरी आणि रुंद; नागरी मालवाहू लॉरीला मागे सहसा जोडचाकं (प्रत्येक बाजूला दोन-दोन) असतात. फोटो माडीवरून काढलेला असेल तर केबिनच्या टपावर गोल झाकण किंवा त्यावर मारलेला पत्रा शोधा. स्टेअरिंग उजवीकडे आहे म्हणून ही गाडी बाद करू नका, सीएमपी उजव्या हाताचीच होती.

डावीकडचं स्टेअरिंग ही अमेरिकन लष्करी गाडीची खूण. जीएमसीच्या अडीच टनी लॉरीला मागे दोन अ‍ॅक्सल आणि समोर दिव्यांसकट तोंड झाकणारे उभे गज. हिला मात्र मागे जोडचाकंच असतात, म्हणून वरचा नियम इथे लावू नका. फोटो अगदी बाजूने घेतलेला असेल तर पट्टी लावा: पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर टायरच्या उंचीच्या साधारण साडेचार पट भरतं (हे अंतर १६४ इंच असलेली लांब चॅसिस, ७.५०-२० मापाचे टायर). तिरक्या फोटोत ही मोजणी फसते.

जीपमध्ये सर्वाधिक चुका होतात. युद्धातल्या विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यूला समोर नऊ उभ्या फटी, लहान दिवे जाळीच्या आत दबलेले. १९४५ पासूनच्या नागरी जीपला सात फटी, दिवे मोठे आणि बाहेर आलेले, मागे उघडणारं फळकं. बॉनेट उंच असेल तर ती सीजे-३बी हे नागरी जीपचं मॉडेल, १९५३ पासूनचं. जाळी बदललेलीही असू शकते, म्हणून एका खुणेवर थांबू नका.

तारीख हा सोलापूरचा खास पेच. हैदराबाद संस्थान भारतात विलीन करण्यासाठी १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेल्या लष्करी कारवाईत, म्हणजे पोलीस अ‍ॅक्शनमध्ये मेजर जनरल चौधुरींची मुख्य फौज सोलापुरातून नळदुर्गच्या रस्त्याने हैदराबादकडे गेली. त्या दिवसांच्या फोटोतली लॉरी डिस्पोजलची नसून चालू नोकरीतली असू शकते. रंग पाहा: लष्करी रंग निस्तेज, बॉनेटवर आभाळ उमटत नाही, चकचकीत बॉनेट म्हणजे नंतरचा तेलरंग. नंबरात वर टोक केलेला बाण दिसला तर गाडी सैन्याचीच. आणि तोंडावर तीन टोकांचा तारा असेल तर ती १९५४ पासूनची टाटा-मर्सिडीज, युद्धाशी तिचा संबंध नाही.

ओळख पटली की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. जेवढं दिसतं तेवढंच नोंदवा: "सीएमपी, फोर्ड की शेवरोले स्पष्ट नाही" हीसुद्धा पूर्ण नोंद आहे.