चाळीस म्हणजे किती?

गाडी मिळाली तेव्हा परभणीजवळच्या एका आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर), कडब्याच्या गंजीला टेकून उभी होती. १९६८ ची फियाट ११०० डी, जिला सगळे डिलाइट म्हणतात. इंजिन जाम, एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं, सीटवर कोंबड्या. पण ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावरचा, नंबर आरसी बुकाशी जुळत होता. तेवढं बघून मी इसार दिला. पुढे इतक्या चुका केल्या, पण ही एक गोष्ट बरोबर केली असं अजून वाटतं.

नंबरावर एवढा जोर देतोय त्याला कारण आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. त्यामुळे जुन्या फियाटमध्ये कुठलंतरी डिझेल इंजिन कोंबून ‘रिस्टोअर केली’ म्हणून फोटो टाकणाऱ्यांना माझा नमस्कार, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आणि ‘व्हीए’ पाटीची गाडी रोज कामावर न्यायची नसते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

चार स्ट्रोक काय, टॅपेट कशाला म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. जाम इंजिन सोडवायची घाई करू नका. प्लग काढून चारही भोकांत डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मंनिम्मं ओतलं, आणि रोज संध्याकाळी क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) पुढच्या नटाला लांब पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. अठराव्या दिवशी कर्र झालं आणि हललं. गावातली पोरं पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरला दोर बांधून ‘ओढूनच सुरू करू की’ म्हणत होती. तसं करून वाकलेला कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) मी दुसऱ्याच्या गाडीत बघितलाय. खोलताना बिगेंडच्या (रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) कॅपा आणि रॉड यांच्यावर पंचाने ठिपके मारा: एकला एक, दोनला दोन. कॅप त्याच रॉडची, त्याच बाजूने. यात चुकाल तर पुढचं सगळं वाया.

आता माझ्यावर जे बेतलं ते. हे लांबणार आहे.

मी वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मायक्रोमीटर दिवसभर हातात. पाच मायक्रॉनसाठी ऑपरेटरशी भांडणारा माणूस. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५, चार सिलिंडर, १०८९ सीसी. बोअर वरच्या बाजूला झिजून निमुळता झालेला होता, रीबोअर करणं, म्हणजे आतून कापून मोठा करणं, भागच होतं. जुन्या स्टॉकातला पिस्टन सेट महत्प्रयासाने मिळाला. पेटीवर ०.४० लिहिलेलं, म्हणजे ०.४० मिलिमीटर ओव्हरसाइझ, मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. पिस्टन घरी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवले. ब्लॉक टेम्पोत घालून लेथवर नेला. पिस्टन कपाटातच राहिले.

लेथवाले चाचा सत्तरीचे. त्यांचं उभं आयुष्य जीप, अँबेसेडर आणि ट्रॅक्टरच्या ब्लॉकवर गेलेलं. मी घाईत होतो, सेकंड शिफ्ट गाठायची होती. म्हणालो, ‘चाचा, चाळीसचा बोअर करा.’ त्यांनी मान डोलावली.

त्यांच्या दुकानात चाळीस म्हणजे चाळीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. चाळीस थाऊचे झाले १.०१६ मिलिमीटर. मला हवे होते ०.४०, म्हणजे जेमतेम सोळा थाऊ. ब्लॉक परत आला तो ६९.०२ चा. आतून आरशासारखा, क्रॉस हॅच (भिंतीवरच्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा) इतकी देखणी की मी आधी फोटो काढले. मग पहिला पिस्टन रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) न घालता वरून अलगद सोडला. बरोबर बसणारा पिस्टन बोटाने जरा दाबला की तेल लावल्यासारखा हळूहळू खाली सरकतो. हा सोडला तो थेट खालच्या पाटावर ठक्कन पडला. दुसरा, तिसरा, चौथा. चारही ठक्कन. फट सहा दशांश मिलिमीटरची, जिथे केसाएवढी हवी तिथे.

ब्लॉक घेऊन भांडायला गेलो. चाचांनी खिशातून वही काढली. त्यात खडूने माखलेल्या बोटांचे ठसे आणि उर्दूत लिहिलेला आकडा. म्हणाले, ‘चालीसच बोले थे ना तुम?’

बोललो होतो.

एक मिलिमीटर ओव्हरसाइझचा सेट महिनाभर शोधला. संभाजीनगर, जालना, नांदेड पालथं घातलं, पुण्याला दोन चकरा झाल्या, मिळाला नाही. ब्लॉक बदलायचा तर नंबर जातो. शेवटी स्लीव्ह. म्हणजे बोअर आणखी मोठा कापून त्यात कास्ट आयर्नचं लायनर दाबून बसवायचं, वरचा काठ ब्लॉकच्या सपाटीला मिळवायचा आणि मग आतून पुन्हा पिस्टनच्या मापाला बोअर करायचा. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या कास्टिंगची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची असेलच असं नाही. पलीकडे पाण्याची जागा असते, आणि कटर तिकडे निघाला तर ब्लॉक भंगारात. चाचांनी ते काम निम्म्या पैशांत करून दिलं. चौथं लायनर बसेपर्यंत मी बाहेर रसवंतीवर बसून होतो, आत जायची हिंमत नव्हती.

त्यामुळे कितीही हुशार असाल तरी हे करा. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक कापू देऊ नका, आणि ब्लॉक लेथवर जाईल तेव्हा पिस्टन त्याच्यासोबत जाऊ द्या. माप तोंडी सांगू नका. कागदावर ‘६८.४० मिलिमीटर’ असं पूर्ण बोअरचं माप लिहा, नुसतं ओव्हरसाइझ लिहू नका, आणि तो कागद ब्लॉकला तारेने बांधा. पेटीवरच्या आकड्यावरही विसंबू नका, चारही पिस्टन मोजा. मोजायचं स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या भागावर), रॉड जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात, कारण पिस्टन पूर्ण गोल नसतो, किंचित लंबगोल असतो. ज्या पिस्टनचा जो बोअर, तो नंबर दोन्हीवर टाका. आणखी एक, हे मला कारखान्यात असूनही सुचलं नव्हतं: मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधला तापलेला ब्लॉक आणि एसीतून आणलेला पिस्टन एकत्र मोजू नका. ॲल्युमिनियम तापून कास्ट आयर्नच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोन्ही रात्रभर एकाच खोलीत ठेवा, सकाळी मोजा. क्रँकचंही असंच. बेअरिंगचा सेट आधी, त्याच्या मापाला क्रँक घासायचं, म्हणजे ग्राइंडिंग, नंतर. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही.

(आमच्याकडे ‘बोअर’ म्हटलं की लोकांना पाणीच आठवतं. ब्लॉक टेम्पोत चढवताना शेजारच्या काकांनी विचारलं, बोअरला नेताय का, किती फूट जाणार? तेव्हा हसलो होतो.)

हे वाचून गाडी विकायला काढू नका. माझी फजिती वेंधळेपणाची होती, इंजिनाची नाही. हे इंजिन शिकाऊ माणसाला सांभाळून घेणारं आहे. पुशरॉडने (लांब काडीने) उघडणारे व्हॉल्व्ह, एक कारब्युरेटर, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, सगळं डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं.

गुरूबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. व्हिडिओ बघून हेडचे (ब्लॉकवरच्या झाकणाचे) नट कुठल्या क्रमाने आवळायचे ते कळतं: मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. पण नट किती फिरला की हात थांबवायचा, ते कळत नाही. त्यासाठी टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) घ्या, उसना नको. आणि असा मिस्त्री शोधा जो तुम्हाला काम करू देतो आणि चुकलात की ओरडतो. सगळं स्वतः करून ‘झालं बघा साहेब’ म्हणणारा कितीही गोड असला तरी त्याच्याकडून काही शिकता येत नाही. सांध्यांत सिलिकॉन बदाबदा भरणारा तर लांबूनच बरा. ते तुटून चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडतं आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतं.

बाकीचं थोडक्यात. ग्राइंडिंगनंतर क्रँकच्या आतल्या ऑइलच्या वाटा बारीक ब्रशने, मग हवेने साफ करा. तिथली कच थेट नव्या बेअरिंगवर येते. वेल्श प्लग (ब्लॉकच्या भिंतीतली पत्र्याची बुचं) काढून ब्लॉकच्या आत डोकावा. माझ्यात बोअरवेलच्या पाण्याचा क्षार बोटभर साचला होता, चमच्याने खरवडून काढला. आता रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरशिवाय काही जात नाही. शिसं असलेलं पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं (ते शिसं व्हॉल्व्हच्या सीटांची झीज रोखायचं), म्हणून हेड उघडलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कडक धातूच्या बसवून घ्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नवा टाका, दिसायला चांगला असला तरी.

सुरू करण्याआधी प्लग काढून, इग्निशनची वायर सोडवून सेल्फने इंजिन फिरवा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावा. माझी तिसऱ्या प्रयत्नात लागली. आधी एकदा कारब्युरेटरमधून भडका उडाला आणि बायकोने ओली चादर फेकली. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) उलटा बसवला होता, तो माझाच पराक्रम.

पहिले पाचशे किलोमीटर पळवू नका, पण एका लयीतही चालवू नका, पाय वर-खाली होत राहू द्या. पाचशेला ऑइल काढून पांढऱ्या फडक्यावर ओता आणि उन्हात तिरपं धरून बघा. माझ्या फडक्यावर पहिल्यांदा धातूच्या कणांची बारीक चमक दिसली. फडकं घेऊन तडक चाचांकडे गेलो. त्यांनी बोटांवर घासून बघितलं आणि म्हणाले की रिंगा बसतायत, जा. एक हजारला चमक नव्हती. आता दीड हजारला पुन्हा बघायचं, एकशे वीस किलोमीटर बाकी आहेत.