साखर कारखान्यातील यंत्रांचे कच्चे दुवे कसे ओळखावेत

गाळप हंगामात सर्वाधिक वेळा बिघडणारे यंत्र हाच कारखान्याचा सर्वांत कच्चा दुवा, असा समज सर्रास आढळतो. परंतु बिघाड किती वेळा होतो आणि त्याची झळ किती बसते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शोधाची सुरुवात झळीपासून करावी. गव्हाणीत पडलेला ऊस साखरेच्या पोत्यापर्यंत कसा पोहोचतो तो मार्ग कागदावर काढावा आणि प्रत्येक यंत्रासमोर लिहावे की, ते थांबल्यास पुढे काय थांबते, जोडीला दुसरे यंत्र आहे का आणि सुटा भाग मिळण्यास किती दिवस लागतात. रसाच्या पंपाला सहसा स्टँडबाय पंप असतो. मिलच्या गिअरबॉक्सला तशी सोय नसते, आणि गाळप खोळंबले तरी तोडलेल्या उसातील साखर घटतच राहते.

यानंतर मागील काही हंगामांचे ब्रेकडाऊन रजिस्टर वाचावे. ‘चेन तुटली’ एवढ्या नोंदीवरून काहीच कळत नाही. पिन झिजली होती की कडीला तडा होता, हे फिटरला आणि ऑइलमनला विचारूनच समजते.

परिणामाची तीव्रता, बिघाडाची शक्यता आणि तो आधी लक्षात येण्यातील अडचण यांना १ ते १० गुण देऊन गुणाकार करण्याची पद्धत उपयुक्त आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये. १०, २ आणि ३ यांचा गुणाकार ६० होतो, तर ४, ५ आणि ५ यांचा १००. म्हणजे जीवावर बेतणारा धोका यादीत खाली जातो. तीव्रतेचे गुण ९ किंवा १० असलेली प्रत्येक बाब म्हणूनच वेगळी तपासावी.

सर्वांत फसवे असतात ते न दिसणारे बिघाड. बॉयलरमधील पाणी कमी झाल्यावर इंधन तोडणारी यंत्रणा, टर्बाइनचा ओव्हरस्पीड ट्रिप (वेग मर्यादेबाहेर गेल्यास टर्बाइन बंद करणारी यंत्रणा) आणि वीज गेल्यावर बॅटरीवर चालणारा तेलपंप रोजच्या कामात लागत नाहीत, त्यामुळे ते निकामी झाल्याचे कोणाला जाणवतही नाही. पॅनेलवरचा दिवा लागला म्हणून समाधान मानू नये; निर्मात्याने सांगितलेल्या पद्धतीने, जबाबदार अभियंत्याच्या उपस्थितीत चाचणी घ्यावी. तेलपंप सुरू करून बेअरिंगपर्यंत पुरेसा दाब पोहोचतो का ते पाहावे, कारण तेल न मिळाल्यास गती उतरत असलेल्या रोटरखाली (टर्बाइनच्या फिरत्या भागाखाली) बेअरिंगचा व्हाइट मेटल, म्हणजे आतील मऊ धातूचा थर, वितळू शकतो.

कंपन आणि तापमान यांची मापे हंगाम चालू असतानाच, खूण केलेल्या त्याच जागी आणि शक्यतो सारख्या भारावर घ्यावीत. मिल थांबल्यावर ती मिळत नाहीत, आणि ऑफ-सीझनमध्ये कोणते यंत्र उघडायचे हे ठरवताना त्यांचाच आधार लागतो.